हजेरीनाना

रविवारी सकाळी रेडिओवर मुलांचा कार्यक्रम सुरू झाला, की नाना त्यातल्या मुलांची हजेरी घ्यायचे.

हजेरी म्हणजे अगदी शाळेत घेतात तशी. आमच्या ओसरीतल्या झोपाळ्यावर मांडी घालून बसायचे, पुढ्यात लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, हातात पेन्सिलचा तुकडा, डोळे मिटलेले. आमच्या दादाने घेतलेला मोठा लाकडी रेडिओ तापायला जरा वेळ घ्यायचा, तेवढ्यात नाना रकाने आखून घेत. मग एकेक नवा आवाज आला की एकेक खूण. कार्यक्रम संपला की मोठ्याने बेरीज वाचून दाखवायचे.

"मुलं आठ. मुलगे पाच, मुली तीन. धावणारी आठ. लंगडणारं एकही नाही. तोतरं नाही. दिसत नाही असं म्हणालेलं कोणी नाही."

"अहो नाना," माझी आई आतून म्हणायची, "रेडिओत कोण लंगडतंय ते दिसतं का?"

"दिसत नाही अक्का, म्हणून तर कान लावून बसतो. पण कोणी सांगतही नाही."

मग रजिस्टर मिटून चहा घ्यायचे आणि निघून जायचे. जळगावातल्या आमच्या गल्लीत त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं. सगळे हजेरीनाना म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

नाना शाळा खात्यातले हजेरी अधिकारी, दोन-तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीच्या काळात सक्तीचं शिक्षण गावोगाव नवं होतं. मूल शाळेच्या वयाचं झालं आणि शाळेत आलं नाही, की हा माणूस सायकलवरून दारात हजर. आईबापाला समज द्यायची, मुलाचं नाव पटावर चढवायचं, पुढच्या गावाला जायचं. शिरपूर, अमळनेर, चोपडा, सगळ्या बाजूंना त्यांनी असे दिवस काढले होते. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. आमच्यापासून तिसऱ्या घरात माझ्या लहानपणापासून एक खोली घेऊन राहत. नोकरी संपली, पण मोजणं संपलं नाही.

कोणाच्याही घरी गेले की आधी पोरं मोजायची, मग बसायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे सरकायचा आणि नाना त्याच्यामागून पोरांची डोकी मोजत जायचे. एखाद्या नव्या पोराला धरून अहिराणीत विचारायचे, "काय रे भो, पटावर शे का?" पोरगं भेदरून आईच्या पदरात शिरायचं. नानांचं म्हणणं एकच, "पटावर नाव नाही, तो गावात नाही. सरकारला विचारा, देवाला विचारा, सगळे पट बघूनच बोलतात."

त्यांची सायकल हा आमच्या शाळेतल्या मुलींच्या करमणुकीचा विषय होता. तिला पुढे दोन घंट्या आणि मागे काठीला बांधलेला लाल फडका. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "घंटी आंधळ्यासाठी, झेंडा बहिऱ्यासाठी. दोघांनाही बाजूला व्हायला वेळ मिळायला हवा."

"आणि लंगड्यासाठी?"

"त्याच्यासाठी मी उतरतो," नाना म्हणाले, आणि ते खरं होतं.

मला त्यांनी परकरात असल्यापासून पाहिलेलं. पण मुलींच्या शाळेत मी शिकवायला लागले, त्या दिवसापासून ते मला बाई म्हणू लागले. "बाई" म्हणताना जरा मान झुकवायचे. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण त्यांना थांबवणं शक्य नव्हतं.

दर सोमवारी नाना रेडिओ केंद्राला एक पोस्टकार्ड टाकायचे. टाकण्याआधी मला शुद्धलेखन तपासायला देत, म्हणून मजकूर मला पाठ झाला होता. "महोदय, कालच्या बालकार्यक्रमात मुले आठ होती. आठही धडधाकट. अशी आठच्या आठ धडधाकट मुले असलेले गाव मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही. आपणांस ठाऊक असल्यास गावाचे नाव कळवावे." दोन वर्षांत एकदा उत्तर आलं. छापील कार्ड होतं. आपली फर्माईश विचाराधीन आहे, असं त्यात लिहिलेलं. नानांनी ते आम्हा सगळ्यांना दाखवलं. "विचाराधीन शे," ते म्हणाले. त्यात थट्टा होती की आशा, मला कळलं नाही.

लोक हसायचे, मीही हसायचे. पण एका बारशाच्या दिवशी ते हसणं थांबलं.

गल्लीतल्याच एका व्यापाऱ्याच्या घरी नातवाचं बारसं होतं. नाना जेवून उठले आणि यजमानांना सहज म्हणाले, "शेठ, तुमच्या थोरल्याला चार लेकरं. इथं तिघंच दिसतात."

यजमान म्हणाले, "तिघंच आहेत."

"चार आहेत. दुसरी मुलगी. मीच तिचा कागद लिहिला होता."

घर एकदम गप्प झालं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं, आणि आतून कोणीतरी थाळीवर हात आपटत होतं. मघापासून आपटत होतं. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता आणि कोणी विचारलं नव्हतं. थोरल्या सुनेने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. यजमानांनी नानांना दंडाला धरून ओट्यावर आणून सोडलं. पुन्हा त्या घराचं आमंत्रण त्यांना आलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना रागावले. चांगल्या दिवशी लोकांना असं बोलू नये, म्हणाले. नाना ऐकून घेत होते. मग त्यांनी मला त्यांच्या कामातली गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते.

"आमच्या तक्त्यात शेवटी एक रकाना असायचा, बाई. सूट दिल्याचं कारण. मूल अपंग असलं, की तिथं लिहायचं, शरीराने असमर्थ. सही करायची. मग त्या घरी पुन्हा जावं लागत नसे. आईबाप खूश, मास्तर खूश, माझाही फेरा वाचायचा." जरा थांबून म्हणाले, "लिहायला सोपं होतं. कुठं गोठ्याजवळ, कुठं माळ्यावर, कुठं गोधडीखाली पाहिलेली पोरं. मी सही करायचो आणि ते पोरगं गावातून नाहीसं व्हायचं. किती सह्या केल्या ते मला आठवत नाही. मी मोजल्या नाहीत. एवढंच मी मोजलं नाही."

रात्री मी ते आईला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी हजेरी घेतली तेव्हा तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर साताठ महिन्यांनी आमच्या शाळेला रेडिओ केंद्राचं बोलावणं आलं. मुलांच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटांची नाटिका करायची, मुली न्यायच्या, सोबत शिक्षिका. शाळेत दिवाळी असल्यासारखं झालं. नाटिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गोष्ट साधी घेतली. मुली केळीच्या बागेत हरवलेलं वासरू शोधतात आणि ते सापडतं.

नानांना कळायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी ते दारात उभे राहिले.

"बाई, कुसुमला न्या."

कुसुम आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. अकरा वर्षांची. लहानपणी ताप आला आणि डावा पाय गेला. सुताराकडून करून घेतलेली बाभळीची कुबडी होती, वरच्या आडव्या लाकडाला आईने लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायची. शाळेत नव्हती. तिला सूट दिल्याचा कागदही नानांच्याच हातचा.

"नाना, तिचा आवाज कसा आहे मला ठाऊक नाही."

"चांगल्या आवाजाची पोर कोणीही नेईल. तिला न्या."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलगी पटावर नाही. नाना म्हणाले, मग घ्या पटावर. त्या म्हणाल्या, तिचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, जिना कशी चढेल? नाना म्हणाले, वर्ग खाली आणा. बराच वेळ असं चाललं. शेवटी नाना दमवतात याला कंटाळून त्यांनी कुसुमला पाहुणी कलाकार म्हणून न्यायची परवानगी दिली. पटाचं पुढे बघू, म्हणाल्या.

कुसुमचे वडील कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, मुकादम होते. ते तर ऐकायलाच तयार नव्हते.

"नाना, लोक पाहून हसतील तिला."

"रेडिओत कोण पाहतं हो? आवाज जातो फक्त."

या एका वाक्यावर ते तयार झाले. नाना जिंकून आल्यासारखे घरी परतले. ते वाक्य पुढे त्यांच्यावरच उलटणार आहे, हे त्यांना कळलं नाही, आणि मलाही नाही.

नाटिकेतला कुसुमचा प्रवेश आम्ही दोघांनी मिळून बसवला. सगळ्या मुली वासरू शोधून दमतात आणि परत फिरतात. एक म्हणते, थांबा, कुसुम मागे राहिलीय. सगळ्या गप्प होतात. मग कुबडीचा आवाज येतो. ठक. थांबून पुन्हा ठक. जवळ येत जातो. आणि कुसुम म्हणते, "मी आले. वासरूपण आलं. ते माझ्या मागे मागे आलं, मी हळू चालते म्हणून."

हे शेवटचं वाक्य नानांचं. ते मला सुचलं नव्हतं.

सरावाला कुसुम माझ्या घरी यायची. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द निघेना. आठव्या दिवशी बाकीच्या मुलींना त्यांच्या चुका सांगू लागली. कुबडी जमिनीवर जरा जोराने टेकायची, मुद्दाम. नाना कोपऱ्यात बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून हळू. घाई कशाला? वासरू कुठं पळतंय?" ती हसायची. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

आम्ही आदल्या दिवशीच्या गाडीने गेलो. नऊ मुली, मी आणि नाना. नानांनी डब्यातली सगळी पोरं मोजली, त्याशिवाय बसले नाहीत.

केंद्रावरचे साहेब सभ्य होते. तरुण, गोरे, डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा. मुलींना त्यांनी गोळ्या दिल्या, कुसुमला स्वतः खुर्ची दिली. कार्यक्रम थेट जायचा होता. त्याआधी एकदा तालीम झाली. काचेपलीकडून त्यांनी ऐकली आणि बाहेर आले.

"बाई, सगळं छान आहे. तेवढी ठकठक काढा. ऐकणाऱ्याला वाटेल कोणी खिळे ठोकतंय."

"ती कुबडी आहे," मी म्हणाले.

"मला कळलं. ऐकणाऱ्याला कळणार नाही."

"कळेल. पुढच्या वाक्यात ती सांगते."

"तेही काढू या." ते अगदी हळू बोलत होते, कुसुमला ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, रविवारची सकाळ आहे. मुलं हसायला बसतात. त्यांना उदास कशाला करायचं? आणि हिचाच विचार करा. गोड आवाज आहे. रेडिओवर ती इतर मुलींसारखीच एक मुलगी आहे. तेवढं सुख तिला मिळू द्या."

नाना दाराशी उभे होते. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, तरी ते दोन पावलं आत आले.

"साहेब, ती ठकठक राहू द्या."

"आपण कोण?"

"मी हजेरी घेणारा."

साहेबांना काही बोध झाला नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आजोबा, रेडिओत कोण पाहतंय? मग सांगायचं कशाला?"

नाना उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचेच शब्द होते, जवळजवळ तेच. शिपायाने त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, दहा मिनिटं उरली आहेत."

मी नाही म्हणू शकले असते. मुलींना घेऊन उठू शकले असते. तेवढं नाही, तरी हट्ट धरू शकले असते. पण शाळेचं नाव होतं, आठ मुली नवे कपडे घालून उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी साहेबांचं मला पटलंही होतं. मी माझ्या हाताने कागदावरच्या दोन ओळी खोडल्या. कुसुमच्या काखेतून कुबडी काढून घेतली आणि बाहेर भिंतीला टेकवून ठेवली. तिला स्टुलावर माईकजवळ बसवलं.

"बाई, मग मी काय म्हणू?"

"फक्त एवढंच म्हण. मी आले, वासरू सापडलं."

"आणि हळू चालते ते?"

"ते राहू दे आता."

तिने मान हलवली. लाल दिवा लागला. तिची वेळ आली तेव्हा तिने ते वाक्य इतकं स्वच्छ, इतकं आनंदाने म्हटलं, की काचेपलीकडच्या साहेबांनी बोट वर करून शाबासकी दिली.

जळगावात परत आलो तर कुसुमच्या नावाचा गजर. कोणाची मुलगी, काय गोड आवाज. तिच्या वडिलांनी जिनात पेढे वाटले. मला भेटून म्हणाले, "बाई, उपकार झाले. कोणाला कळलंसुद्धा नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दोनच दिवसांनी शेजारच्या गल्ल्यांतली पोरं रेडिओतली मुलगी बघायला येऊ लागली. कुसुम ओट्यावर बसलेली होती. तिने त्यांना येताना पाहिलं, कुबडी उचलली आणि आत गेली. आईला म्हणाली, कुसुम गावाला गेलीय म्हणून सांग. आईने तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरी पोरं आली, त्यांनाही तेच. मग ती ओट्यावर यायचीच बंद झाली. मी दोनदा गेले. एकदा झोपली आहे म्हणाले. दुसऱ्यांदा ती समोर आली, भिंतीला धरून, कुबडी न घेता. "बाई, त्यांना वाटतं मी पळत आले होते," एवढंच बोलली. पटाचं पुढे बघू म्हणालेल्या मुख्याध्यापिकांना मी आठवण करून दिली. पण आता कुसुमच यायला तयार नव्हती. ती माझ्या शाळेत कधीच आली नाही.

नाना त्यानंतर दोन रविवार आमच्याकडे फिरकले नाहीत. रेडिओ लागला, संपला, आईने दोन्ही वेळा त्यांच्या वाट्याचा चहा केला आणि ओतून टाकला. तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांच्या खोलीवर गेले. माफी मागावी असं मनात होतं.

नाना पिशवी भरत होते. एक धोतर, गूळ-शेंगदाण्यांची पुडी. मला पाहून त्यांनी सतरंजी पसरली. चिडलेले दिसले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"कुठं निघालात?"

त्यांनी फळीवरचं एक पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं. अमळनेरच्या पुढे नदीकाठच्या एका गावातल्या शाळामास्तरांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, आपल्या सांगण्याप्रमाणे भिकाला त्याच्या वडिलांनी पाठुंगळी घेऊन ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी आणले. आम्ही शेवटपर्यंत बसलो. मुलगा रोज विचारतो, ठकठक केव्हा वाजणार होती?

मी कार्ड दोनदा वाचलं.

"तुम्ही सांगितलं होतंत त्यांना?"

"अकरा घरी सांगितलं होतं," नाना म्हणाले. "सराव चालू होता तेव्हा रोज सकाळी एसटीने जायचो, संध्याकाळी सरावाला परत यायचो. जिथली घरं आठवली तिथं गेलो. आई-बाप ओळखत नव्हते, काही ठिकाणी दार उघडलं नाही. अकरा घरांनी ऐकून घेतलं. मी पोरांना सांगितलं, या रविवारी रेडिओत आपल्यातली एक पोरगी चालणार शे. तिची ठकठक ऐकू येईल, कान लावून बसा."

"आता काय सांगणार?"

नाना पिशवीचा बंद ओढत राहिले. मी घरी गेले, आईला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

गाव लहान होतं. एसटीने फाट्यावर सोडलं, पुढे कपाशीच्या शेतांतून पाऊण तास चालणं. भिकाचं घर मातीचं, दोन खणांचं. भिका आठ-नऊ वर्षांचा असेल. दोन्ही पाय काटकुळे, मुडपलेले. हातांवर सरकत तो दारापर्यंत आला. नानांना पाहून त्याने मागे वळून आईला हाक मारली आणि मग नानांकडे बघून रागाने म्हणाला, "नाना, मी शेवटपर्यंत बठ्ठं ऐकं. ठकठक नही वाजनी."

आई चुलीपाशी होती. तीही उठून आली. "भलता आस लावीसन बसना व्हता," ती म्हणाली. "दोन दिवस जेवना नही बरोबर."

नाना उंबऱ्याजवळ खाली बसले. मला वाटलं, आता ते सांगतील. जे झालं ते सांगतील, कोणी काय केलं तेही सांगतील. मी मान खाली घातली.

"वाजनी ना, भो," नाना म्हणाले. "मी तठेच व्हतू. तुमना पंचायतना रेडिओ जुना शे. खरखर करस. त्यामा ऐकू नही उनी."

भिका त्यांच्याकडे पाहत राहिला. "खरंच वाजनी?"

"वाजनी."

"कशी वाजनी?"

नानांनी दाराच्या लाकडी चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकलं. एकदा. मग थांबले, श्वास घेण्याइतकं, आणि पुन्हा एकदा. मग पुन्हा. घाई नव्हती त्यांना. भिकाने डोळे मिटले होते. चुलीवर काही उतू जात होतं, पण त्याची आई हलली नाही.

"मंग ती काय बोलनी?" भिकाने डोळे न उघडता विचारलं.

"बोलनी, मी उनू. वासरू बी उनं. ते मना मांगे मांगे उनं, मी हळू चालस म्हणून."

भिकाने डोळे उघडले. मग म्हणाला, "पळनाऱ्या पोरीसना मांगे नही गयं?"

"नही गयं."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या आईने मात्र माझ्याकडे पाहिलं. ती नानांना ओळखून होती, मला नाही. शहरातली बाई खोटं बोलणार नाही असं तिला वाटलं असावं.

"बाई, तुम्ही बी व्हत्यात का तठे? खरंच वाजनी?"

"हो," मी म्हणाले. "खूप छान वाजली."

आम्ही भाकरी खाऊन निघालो. मागे दारात भिका एका दगडाने उंबऱ्यावर ठोकत बसला होता. वळणापर्यंत ते ऐकू येत होतं.

फाट्यावर एसटीला वेळ होता. नाना बाभळीच्या सावलीत बसले, रुमालाने मान पुसली. बत्तीस वर्षं गावोगाव हिंडून ज्याने एका पोराची खोटी हजेरी लावली नाही, त्या माणसाला मी आज खोटं बोलताना पाहिलं होतं, आणि त्यात भर घातली होती. मी शेजारी बसले.

"बाई," नाना म्हणाले, "कुसुमचं वाक्य मी बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलंत."

"पर्समध्ये कागद असेल तुमच्या. एकदा वाचून दाखवा. अजून दहा घरी सांगायचंय, शब्द इकडचा तिकडे व्हायला नको."

कागद पर्समध्येच होता. घडी उघडली. माझ्या पेन्सिलच्या रेघेखाली अक्षरं अजून दिसत होती. मी त्या दोन ओळी वाचल्या, आणि नाना ओठ हलवत पाठ करत राहिले.